मावशीची जोडबस

श्रोतेहो, नमस्कार. आज जोडबसविषयी बोलणार आहे. दोन डबे, मधे हार्मोनियमच्या भात्यासारखा रबरी पडदा, ती बस.

लंडनच्या साउथॉलमध्ये माझी मावशी राहते. 2008च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे होतो. तेव्हा तिथली 207 नंबरची बस जोडबस होती. 18 मीटर लांब, दारं तीन. मावशीचे गुडघे दुखायचे, पण भाजीची ट्रॉली तिची तीच ओढायची. मधल्या दाराशी फुटपाथ आणि बसचा तळ जवळपास एका पातळीत, त्यामुळे ट्रॉली सरळ आत. पहिल्या दिवशी मी ती नेमकी सांध्यावरच्या गोल पत्र्यावर उभी केली. बस वळली आणि तो पत्रा जात्याच्या वरच्या तळीसारखा फिरायला लागला. ट्रॉली आडवी! कोथिंबिरीच्या जुड्या पार मागच्या दारापर्यंत. एका पंजाबी आजींनी वाकून जुड्या गोळा केल्या, पदराने पुसल्या आणि माझ्या हातात दिल्या. मावशी म्हणाली, "अरे, फिरत्या जात्यावर कुणी सामान ठेवतं का? इकडे घे, खांबापाशी." पुढची वीस मिनिटं त्या दोघी वांग्याच्या भावावर बोलत होत्या.

तर, जिना नाही, दारं तीन, म्हणून चढउतार झटपट. साधारण 140 माणसं एका ड्रायव्हरच्या भरवशावर जातात. मात्र बसायला जागा 49च; बाकीचे उभे. चौकात पुढची गाडी अडली की हिचं शेपूट आडव्या रस्त्यात राहतं, सगळ्यांचीच कोंडी. शिवाय तिन्ही दारांनी चढायची मुभा, त्यामुळे फुकटे फार. माझं तर स्पष्ट मत आहे, बसला कंडक्टर हवाच. म्हाताऱ्या माणसाला हात देणारा, थांबा आला की हाक मारणारा माणूस हवा. मशीन हाक मारत नाही.

ब्राझीलच्या कुरितिबा शहराने 1974पासून बसला स्वतंत्र मार्गिका दिल्या, तिथे जोडबस छान चालते. पुन्हा सांगतो, बस लांब असेल तर वाट तिची स्वतःची हवी. लंडनच्या जोडबसला बऱ्याच ठिकाणी ती मिळाली नाही. बोरिस जॉन्सन यांनी 2008च्या महापौर निवडणुकीत या बस काढायचं वचन दिलं आणि डिसेंबर 2011मध्ये शेवटची जोडबस धावली. ती 207च होती.

आता तिथे डबलडेकर आहे. पुढच्या दाराने चढायचं, ट्रॉली ड्रायव्हरजवळच्या अरुंद वाटेतून ओढायची. मावशी हल्ली भाजी थोडीथोडी आणते.