सुट्ट्याचा भाव

(दृश्य: शाहू मार्केट यार्ड, पहाट. टेम्पो, दिवे, पाठीवर पोती घेतलेले हमाल.)

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात माळवं, म्हणजे भाजीपाला, उतरतंय. करवीर, पन्हाळा, शिरोळ, हातकणंगले, शिवाय सीमेपलीकडून निपाणी-बेळगावकडचंसुद्धा. शहर उठायच्या आत याचा सौदा होऊन जाईल.

(दृश्य: सौदा. अडत्याचा आवाज पाच-सहा सेकंद तसाच ठेवणे.)

पुकारा कशाचा चाललाय तो नीट ऐका. वांगी, दोडका, कोबी यांचा भाव दहा किलोला. मेथी, कोथिंबीर, पोकळा यांचा शेकडा पेंडीला, म्हणजे शंभर जुड्यांना. ज्याची बोली वरची त्यानं ढीग उचलायचा, अख्खा. वीस पेंड्या द्या, बाकीच्या राहू देत, असं इथं चालत नाही. चालणारही नाही, कारण शेतकऱ्याला परतीची गाडी गाठायची असते आणि अडत्याला पुढचा ढीग मोकळा करायचा असतो. त्यात कुणाची लबाडी नाही.

(दृश्य: गर्दीच्या कडेला रिकामी बुट्टी घेऊन उभ्या असलेल्या मावशी.)

या मावशी लक्ष्मीपुरीच्या बाजारात भाजी विकतात. सौद्यात बोलत नाहीत. सौदा संपायची वाट बघतात. ढीग घेतलेला व्यापारी तिथंच, चार पावलांवर, तोच माल फोडून विकायला बसतो. पंचवीस पेंड्या, तीस पेंड्या. मावशींची खरेदी इथली. शेतकऱ्याकडून निघालेली मेथी अजून यार्डाच्या फाटकाबाहेरही पडलेली नाही, आणि तिच्यावर एक नफा चढून झालाय. लक्ष्मीपुरीत मावशींच्या शेजारी बसणाऱ्या ज्या विक्रेत्यानं सौद्यात शेकडा उचलला, त्याची आणि मावशींची पेंडी गिऱ्हाइकाला एकाच भावानं जाणार. फरक मावशींच्या पदरातला.

(दृश्य: वडापची, म्हणजे माणशी भाडं घेणारी, जीप. टपावर बुट्ट्या, आत बायका.)

बुट्टीचं भाडं वेगळं.

(दृश्य: लक्ष्मीपुरी बाजार. मोटारसायकल थांबते. फक्त हात, वही आणि नोटा. चेहरा नाही.)

हा सावकाराचा हात रोज येतो. हिशेब साधा आहे. वहीत दहा हजार लिहायचे, हातात नऊ हजार द्यायचे, आणि रोज शंभर रुपये असे शंभर दिवस गोळा करायचे. ऐकायला दहा टक्के वाटतात. पण पैसे पहिल्या दिवसापासून परत जायला लागतात. पन्नासाव्या दिवशी निम्मं कर्ज फिटलेलं असतं, तरी कापलेले हजार संपूर्ण रकमेचे. वर्षाच्या व्याजात मांडलं तर हा दर पंच्याहत्तर टक्क्यांच्या पुढं जातो. परवान्याशिवाय सावकारी करणं महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. वही खिशात गेली, गाडी पुढच्या पालाकडं.

(दृश्य: थोड्या वेळानं दुसरा माणूस. गळ्यात पिशवी, हातात छोटं मशीन, पावती निघते.)

आणि हे पिग्मीवाले. मावशी यांच्याकडंही रोज पन्नास रुपये भरतात. पतसंस्थेत, बचत म्हणून. तिथं मिळणारं व्याज सांगण्यासारखं नाही, आणि मुदतीआधी मोडलं तर तेही जातं. एका हातानं पंच्याहत्तर टक्क्यांचं कर्ज फेडायचं आणि दुसऱ्या हातानं जवळजवळ फुकट पैसे ठेवायला द्यायचे. शहाण्या माणसांना हे वेडेपण वाटतं. पण घरात ठेवलेले पन्नास रुपये संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत, हे मावशींना पक्कं ठाऊक आहे.

(मावशींचा आवाज. इथे निवेदन नाही.)

(दृश्य: सुतारवाडा. भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण, छातीएवढी. मग खोलीतला पंखा, बल्ब, जिन्याखालचा एकच मीटर.)

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. मावशी राहतात त्या सुतारवाड्यातली माणसं त्या आकड्यांवर पावसाळाभर नजर ठेवून असतात. इथं भाडं कमी आहे ते पाणी येतं म्हणूनच. २०१९ ला आलं, २०२१ ला आलं. गादी, मिक्सर, मुलांची दप्तरं दोन्ही वेळा नव्यानं घेतली. वाचलेलं भाडं त्यात गेलं.

आता हा मीटर. चार खोल्या, मीटर मालकाचा, एक. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतो. पहिली शंभर युनिटं स्वस्त, त्यापुढं तीनशेपर्यंत दर जवळपास दुप्पट, त्याच्यावर आणखी. एका खोलीचा वापर समजा ऐंशी युनिटांचा. स्वतःचा मीटर असता तर सगळी ऐंशी पहिल्याच टप्प्यात बसली असती. चार खोल्यांची मिळून होतात तीनशे वीस. त्यातली स्वस्त शंभरच, आणि तीही चौघांत. मग मालक सरसकट एक दर लावून प्रत्येकाकडून घेतो. कुणाच्या खोलीत एसी नाही, फ्रिज एकाच्यात आहे. चाळीस-पन्नास युनिटं जाळणारी खालची म्हातारी वरच्या टप्प्याच्या दरानं वीज वापरते आहे.

(दृश्य: किराणा दुकान, दोरीला लटकणाऱ्या पुड्या.)

चहापत्ती, हळद, तेल, सगळं दहा-वीस रुपयांचं, आणि किलोच्या हिशेबानं महाग. (शाम्पूची पुडी मात्र बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. कंपन्यांची चढाओढ जिथं असते तिथं गरिबालाही सूट मिळते, एवढंच.) मोबाईलचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. वर्षात तेरा वेळा भरावा लागतो. एकदम वर्षाचा भरला तर कमी पडतो, पण एकदम भरायचा.

मावशींची कमाई कमी आहे एवढ्यामुळंच हे घडतं असं नाही. दिवसाला त्यांच्या हातातून दीड-दोन हजार फिरतात. एकगठ्ठा कधीच नसतात.

(दृश्य: कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी. फेरीवाल्याचं ओळखपत्र.)

२०२० साली पीएम स्वनिधी ही फेरीवाल्यांना कर्ज देणारी केंद्राची योजना आली. तेव्हा पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं, वेळेत फेडलं तर वीस, मग पन्नास, व्याजात सात टक्के सवलत. मावशींनी पहिलं घेतलं. त्यातलं निम्मं २०२१ च्या पुरात घराला लागलं. हप्ते थकले, पुढचं मिळालं नाही. थोरला कॉलेज सोडून शिरोलीच्या एमआयडीसीत लागला.

(दृश्य: पुन्हा यार्ड. तीन बायका, एक ढीग, पेंड्यांची वाटणी.)

अलीकडं तिघीजणी मिळून शेकडा उचलतात. एकीच्या नावानं बोली, मग खाली बसून वाटणी. मोजणी मोठ्यानं होते, पिचलेल्या पेंड्या मधोमध ठेवून सारख्या वाटल्या जातात. व्यापाऱ्याचा मधला नफा त्यामुळं वाचला. पैसे सौद्याच्या वेळी रोख लागतात आणि ते तिघींपैकी एकीकडंच असतात, तिचा मुलगा नोकरीला आहे. म्हणून तिला दोन पेंड्या जादा. पहिल्या दिवशीच ठरलंय, त्यावरून भांडण होत नाही.