कपाटाची किल्ली

नमस्कार श्रोतेहो. दानपेटीत टाकलेल्या नोटेचा हिशेब आपण देवाला विचारत नाही. अनुदानाचा मात्र विचारतात. पैसे कशासाठी, किती दिवसांत, त्यातून काय बदलणार, हे आधीच कागदावर ठरतं.

त्या कागदावर दोन शब्द हमखास भेटतात. आउटपुट आणि आउटकम. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, हे आउटपुट. आजी सुईत दोरा ओवायला लागली, हे आउटकम. पुन्हा सांगतो: काय केलं ते आउटपुट, त्यानं काय बदललं ते आउटकम.

मी काही वर्षं एका ट्रस्टच्या अनुदान समितीवर होतो. आम्ही एका खेड्यातल्या शाळेला काचेच्या दारांचं कपाट आणि तीनशे पुस्तकं दिली. वर्षानं पाहणीला गेलो. स्वागताला हार, नारळ आणि माझ्या फोटोचा फ्लेक्स. (या फ्लेक्सवर एकदा बंदीच घाला. गावाचं तोंड दिसत नाही हल्ली, नुसते वाढदिवस दिसतात. असो.) अहवाल झकास होता. पुस्तके ३००, सर्व सुस्थितीत.

कपाटही चकचकीत. आणि कुलूपबंद. समोर तिसरीतली एक मुलगी उभी होती. विचारलं, "यातली कुठली वाचलीस गं?"

"वाचली नाय. पण पाठ हायेत."

आणि वरच्या फळीपासून तिनं पुस्तकांची नावं म्हणायला सुरुवात केली, पाढे म्हणावेत तशी. काचेतून दिसणारी नावं! तिसऱ्या फळीवर एकदाच अडली, कारण तिथं कडीची सावली पडत होती.

मी मुख्याध्यापकांवर चिडलो. ते शांतपणे म्हणाले, "सर, पुस्तक फाटलं तर तुमच्या फॉर्मात काय लिहू?" फॉर्म काढून पुढे ठेवला. रकाना होता: 'पुस्तके सुस्थितीत आहेत का? हो / नाही.'

तो रकाना मीच घातला होता.

याला निर्देशक म्हणतात, इंडिकेटर. तुम्ही जे मोजाल, ते लोक सांभाळतात. आम्ही पुस्तकांची कव्हरं मोजली, त्यांनी कव्हरं सांभाळली. पुढच्या वर्षी रकाना बदलला: 'किती पुस्तके घरी गेली?' किल्ली सांभाळायला गावातल्या एका ताईंना मानधनही दिलं. त्यावर समितीत तासभर वाद. पुस्तकांना पैसे द्यायला सगळे तयार, माणसाला द्यायचे म्हटलं की हात आखडतो.

गोष्टीत वेळ गेला, पण 'इम्पॅक्ट' राहून चालणार नाही. म्हणजे, बदल तुमच्यामुळे झाला, की तसाही झाला असता? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं हे कसं दाखवलं पाहा. आधी आहे ती स्थिती मोजली, ती बेसलाइन. मग ३९ गावांत आरोग्यदूत बायांना घरीच नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि जिथं हे शिकवलं नव्हतं अशा शेजारच्या ४७ गावांशी ताडून पाहिलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण त्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी भरलं. ती ४७ गावं मोजलीच नसती, तर कुणीही म्हणालं असतं, पाऊसपाणी बरं झालं म्हणून बाळं वाचली.

आता तर मोठ्या कंपन्यांना त्यांच्या मोठ्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, प्रकल्पांच्या इम्पॅक्टचं मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. २०२१ पासून तसा नियमच आहे.

त्या शाळेचा दुसऱ्या वर्षीचा फॉर्म आला, तेव्हा खाली समासात पेनानं लिहिलेलं होतं: 'फाटलेली पुस्तके १४. चिकटपट्टी पाठवावी.'

नमस्कार.