वळिवात टिकणारा तंबू

नमस्कार श्रोतेहो. मे संपत आला की काजवे बघायला भंडारदऱ्याकडे गाड्यांची रांग लागते. हल्ली आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळं घर तंबूत राहायला निघतं, याचा मला फार आनंद वाटतो. पण हाच वळिवाचा मोसम. म्हणून मोठा तंबू घेताना आधी वारा बघा, मग पाऊस. पुन्हा सांगतो, आधी वारा.

घाटघरच्या वाटेवर, धरणाच्या पाण्याकाठी आमचा मुक्काम होता. शेजारी नाशिकचं एक मोठं कुटुंब. तंबू नवाकोरा, माणूस ताठ उभा राहील एवढा उंच, भिंती सरळसोट, आत दोन खोल्या. गावातले एक काका चहा घेऊन आले. त्यांनी तंबूभोवती चक्कर मारली, एक खुंटी दोन बोटांनी उपसली आणि घरच्या बाईंच्या हातात ठेवली. "ताई, खाली चार बोटं माती, मग कातळ. ही काय धरणार? आणि रुंद अंग पाण्याकडं केलंय, वारा तर तिकडनंच येतो."

सगळ्यांनी मिळून तंबू फिरवला, अरुंद बाजू वाऱ्याकडे केली. काकांनी दोरांचे फास मोठ्या दगडांना घातले, त्यावर आणखी दगड रचले. अंधार पडता पडता वावटळ सुटली. वीज कडाडताच काकांनी सगळ्यांना गाडीत बसवलं, कारण विजेपासून तंबू वाचवत नाही. कट् असा आवाज झाला, फायबरची एक काठी उभी चिरली, छत एका अंगाला कललं. पण दगडांनी दोर सोडले नाहीत. पाऊस ओसरल्यावर आत जाऊन बघितलं, तर अंथरुणं कोरडी!

तेव्हा श्रोतेहो, उंचीला भुलू नका. बुटका, उतरत्या अंगाचा तंबू घ्या, काठ्या ॲल्युमिनियमच्या घ्या. कापड दुहेरी हवं, बाहेरचं थेट जमिनीपर्यंत येणारं. त्यावर ३००० मिलिमीटर लिहिलेलं असलं तर उत्तम, म्हणजे तेवढ्या उंच पाण्याचा दाब येईपर्यंत कापड गळत नाही. शिवणींना आतून पट्टी हवी, तळाचं कापड वीतभर वर वळलेलं हवं. आठ जणांचा लिहिलं असेल तर तो पाच जणांचा समजा. वरच्या खिडक्या पावसातही थोड्या उघड्या ठेवा, नाहीतर श्वासाचीच वाफ आतून ठिबकते. आणि आत शेगडी पेटवायची नाही. आत शेगडी नाही म्हणजे नाही.

जाता जाता, तंबूबाहेर स्पीकर लावणाऱ्यांना गावात शिरूच देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काजव्यांवर टॉर्च मारणाऱ्यांनाही. ती चमक म्हणजे नर-मादीच्या खुणा असतात, आपल्या उजेडात त्या बुजतात.

तंबू घेतलात की निघण्याआधी तो गच्चीवर उभारा आणि नळाच्या पाइपने अर्धा तास पाणी मारा. शिवण गळत असेल तर तिथेच कळेल, आणि दुकानदाराला परतही करता येईल.