छोटा शार्क छोटा राहत नाही

मागे आवाज येतोय ना? बरं. विषय बोर्डावर लिहिलाय, घरच्या टँकमध्ये छोटा शार्क. इथल्या निम्म्या लोकांनी लहानपणी 'शार्क' पाळलेलाय, हात वर करू नका, कुठला ते मला माहितीये. राखाडी, चकचकीत, पाठीवर तिकोनी पर, आणि दुकानदाराचं ठरलेलं वाक्य, "साहेब, टँकएवढाच वाढतो." हे वाक्य पहिल्यांदा कोणी काढलं त्या माणसाला मी गेली कित्येक वर्षं शोधतोय.

तो शार्क नाहीच, पंगास आहे, मेकाँग नदीतला मिशीवाला मासा, हॉटेलात 'बासा फिले' म्हणून खाता ना, बहुतेक वेळा तोच. (हशा) हसू नका, १३० सेंटीमीटर आणि ४४ किलोपर्यंत जातो तो. आमच्या मेहुण्यांनी मुलाच्या वाढदिवसाला दोन आणले, दोन फुटी टँकमध्ये. मी तिथेच होतो, पण बायकोचा मोठा भाऊ, त्यांना कोण सांगणार. मासा हा असा घाबरट की रात्री कोणी लाईट लावला की धाडकन काचेवर, आजींना वाटायचं दार वाजतंय, त्या उठून दार उघडायच्या, त्यासाठी परत लाईट लावायच्या, की परत धाडकन. नाकं सोलवटली बिचाऱ्यांची. मेहुणे म्हणाले तलावात सोडून येतो, मी म्हटलं अजिबात नाही, बाहेरचा मासा आपल्या तलावात सोडायचा नसतो, तर वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मग तळू का?" पोरगं दोन दिवस जेवलं नाही. शेवटी एका मित्राच्या शेततळ्यात गेले, जिथे आधीपासून पंगासच होते. आणि दुकानदाराला सांगितलं तर म्हणतो कसा, मोठा टँक घ्या ना, डिस्काउंट देतो! टँकएवढा वाढणं वगैरे काही नसतं हो, मासा खुरटतो आणि मरतो, एवढंच.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. अरे देवा. खऱ्या शार्ककडे येतो.

घरात शक्य असलेला म्हणजे बांबू शार्क. मोरी-मुशी, म्हणजे बाजारात मिळणारे छोटे शार्क, त्यांच्याच गोतातला, राखाडी बांबू शार्क तर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मिळतो (मालवणकरांनो, सुकं नंतर). तळाशी पडून राहतो, श्वासासाठी सतत पोहावं लागत नाही, म्हणून टँकमध्ये जमतो. अंड्यातून निघताना वीतभरही नसतो आणि तिथेच माणूस फसतो, कारण पुढे तो तीन फुटांचा होतो. त्यामुळे टँक पहिल्या दिवशीच आठ बाय तीन बाय दोन फूट घ्या, उंचीपेक्षा तळ महत्त्वाचा. म्हणजे साधारण १३६० लिटर, नुसतं पाणीच सव्वा टनाच्या वर, आणि घराच्या स्लॅबचं डिझाईन चौरस मीटरला २०० किलोच्या हिशोबाने असतं, टँकखाली जागा सव्वादोन चौरस मीटर. गुणाकार घरी करा आणि तळमजला नसेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअर, मग मासा.

मीठ लिटरला ३५ ग्रॅम, पहिल्याच भरणीला ४७-४८ किलो, आणि ते मरीन सॉल्ट, मिठाच्या बरणीतलं नाही. आरओचं पाणी. टँक सायकल व्हायला, म्हणजे माशाची घाण पचवणारे जीवाणू त्यात तयार व्हायला, महिना-दीड महिना, तोवर शार्क आणायचा नाही. खाली बारीक रेती, खडी नको, पोट खरचटतं. झाकण घट्ट, हा बाहेर पडतो. तांबं असलेलं कुठलंही औषध टाकायचं नाही, माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची बरीच औषधं तांब्याचीच असतात, शार्कला ते विष. जुना पंप करंट मारत असेल तर बदला, याला नाकाजवळच्या छिद्रांतून बारीकशी वीजही जाणवते. खायला माकूल, कोळंबी, माशाचे तुकडे, आठवड्यातून दोन-तीनदा, सोबत आयोडीन, नाहीतर गळ्याला गलगंड येतो, त्या घाणीतून पाण्यात साठणारं नायट्रेट वाढलं तर आणखी लवकर. लाईट गेली तर एअर पंप इन्व्हर्टरवर हवा, टीव्ही नसला तरी चालेल.

हो हो, उठतोय. स्किमरचं, म्हणजे पाण्यातली घाण फेसातून काढणाऱ्या यंत्राचं, राहिलंच, ज्यांना हवंय त्यांनी चहाच्या टेबलापाशी गाठा.