वृंदेचा शाप आणि साधूचा वेष

(दृश्य: रात्र, देवळापुढचा मांडव, ट्यूबलाइटचा उजेड, मधोमध एक लाकडी बाकडं)

कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी ह्या पट्ट्यात तुळशीचं लग्न लागलं की जत्रा सुरू होतात, आणि जत्रा म्हटली की रात्रभर दशावतार. स्टेज-बिज काही नाही, देवळासमोरची जागा, एक बाकडं, तेच सिंहासन, तेच कैलास, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. लिहिलेलं स्क्रिप्ट नसतं, कथा कुठली ते ठरतं आणि संवाद नट जागेवर रचतात, त्यामुळे एखाद्या रात्री दोन नट इरेला पेटले की धर्म काय आणि अधर्म काय ह्यावर अर्धा-अर्धा तास वाद चालतो आणि पब्लिक हलत नाही.

आता राक्षसाची एन्ट्री बघा. तोंड रंगवलेलं, लांबूनच आरोळी ठोकत येतो, पुढे बसलेली पोरं उठून मागे पळतात. पण मोठी माणसं निवांत असतात, चहा पीत, सुपारी कातरत. ती सरसावून बसतात कधी, तर एखादा साधू हळूच येतो, झोळी पुढे करतो आणि म्हणतो भिक्षा वाढ माई. कारण आत कोण आहे ते सगळ्या गावाला माहिती असतं, फक्त सीतेला माहिती नसतं.

तर आजचा विषय हाच आहे. वाईट जेव्हा वाईटाच्या रूपात येतं तेव्हा वाद नसतो, मारामारी असते, एकाने गदा उचलायची आणि विषय संपला. वाद तेव्हा होतो जेव्हा ते चांगल्याचं सोंग घेऊन येतं, आणि मग प्रश्न पडतो की दोष द्यायचा कोणाला, फसवणाऱ्याला की फसलेल्याला. कोकणच्या किनाऱ्यावर देवळं आहेत, चर्च आहेत, मशिदी आहेत, अलिबागकडे ज्यूंची सिनेगॉगसुद्धा आहेत, आणि हा एकच प्रश्न ह्या सगळ्यांच्या ग्रंथांत वेगवेगळ्या तऱ्हेने भांडला गेलाय.

(दृश्य: वसई, चर्चच्या आतला भाग)

वसईपासून सुरुवात करू, कारण बायबलमधला पहिला खटलाच फसवणुकीचा आहे. एदेन बागेत देव विचारतो फळ का खाल्लं, आदाम म्हणतो तू दिलेल्या ह्या बाईने दिलं, बाई म्हणते सर्पाने मला भुलवलं. म्हणजे प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे! आणि उत्पत्तीच्या पुस्तकात त्या सर्पाला कुठेच सैतान म्हटलेलं नाही हं, तो धूर्त प्राणी आहे एवढंच. सर्प म्हणजेच सैतान हे नाव घेऊन सांगितलंय ते पार शेवटी, प्रकटीकरणात. आणि संत पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात बजावतो की सैतान तेजस्वी देवदूताचं सोंग घेऊन येतो. ही सगळी कथा मराठीत ओवीत बसवली ती फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाने, 1579 साली तो गोव्यात आला आणि 1616 मध्ये राचोलला त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. आपल्या माणसांना पुराण ऐकायची सवय आहे तर पुराणच लिहू, असा साधा हिशोब. आजही बाप्तिस्म्याच्या वेळी आणि ईस्टरच्या रात्री विचारतात, सैतानाला आणि त्याच्या भुलवणीला नाकारता का, आणि सगळे मिळून होय म्हणतात. थोडक्यात काय, फसवणारा बाहेर आहे हे मान्य, पण त्याला नाही म्हणायचं काम तुझं.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आलेल्यांचे वंशज म्हणवणारे ज्यू म्हणजे बेने इस्रायल, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाववाले त्यांना शनिवार तेली म्हणायचे. आता बरेचसे इस्रायलला गेलेत. त्यांच्या परंपरेतला सैतान ऐकून आपण चक्रावतो, कारण तो बंडखोर नाहीच, तो देवाच्या दरबारातला सरकारी वकील आहे. ईयोबच्या पुस्तकात बघा, तो देवाची परवानगी काढतो आणि मगच ईयोब नावाच्या सज्जन माणसाला छळतो. ताल्मुद ह्या ज्यूंच्या ग्रंथात रेश लाकिश नावाचे पंडित तर म्हणतात की सैतान, माणसाच्या आतली वाईट ओढ आणि मृत्यूचा दूत हे तिन्ही एकच. मग फसवणारा बाहेरचा का आतला? दोन्ही.

आणि रत्नागिरीकडे, दाभोळ-बाणकोटच्या खाड्यांवरच्या मोहल्ल्यांत जो कुराण पठणाला बसतो तो आधी धिक्कारलेल्या शैतानापासून अल्लाहकडे आसरा मागतो. हा शैतान म्हणजे इब्लिस, त्याने आदमपुढे झुकायला नकार दिला, म्हणाला मी आगीतून झालोय, हा मातीतून, मी श्रेष्ठ. आता इब्लिस फरिश्ता होता की जिन, ह्यावर कुराणच्या जुन्या भाष्यकारांमध्ये चांगलीच जुंपलेली आहे. कुराणच्या 18व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, तो जिनांपैकी होता असं आहे, तरी काहीजण त्याला फरिश्त्यांत धरतात. काही सूफींनी तर कमालच केली, 922 साली बगदादमध्ये ज्याला मृत्युदंड दिला त्या हल्लाजने इब्लिसची बाजू मांडली, की तो अल्लाहशिवाय दुसऱ्या कोणापुढे झुकायला तयार नव्हता म्हणजे तो खरा एकनिष्ठ. बाकीच्यांना हे अर्थातच पटलं नाही. पण मला जी जागा सगळ्यात खतरनाक वाटते ती 14व्या सूरेतली. निवाड्याचा दिवस, सगळं उरकलंय आणि शैतान आपल्या मागे लागलेल्यांना सांगतो की माझी तुमच्यावर काही सत्ता नव्हती, मी फक्त बोलावलं, तुम्ही आलात, आता मला दोष देऊ नका, स्वतःला द्या.

काय बचाव आहे बघा! आणि उत्तर द्यायला गेलं तर पटकन सुचत पण नाही.

आपल्याकडे नळराजाची गोष्ट ह्याच अंगाने जाते. महाभारतात वनपर्वात आहे, कली बारा वर्षं नळाच्या मागावर असतो, शिरायला फट सापडत नाही, आणि एक दिवस नळ पाय न धुता संध्येला बसतो, तेवढ्यात हा आत. त्यानंतर राज्य गेलं, बायको रानात टाकली, सगळं झालं, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं नळच बिघडला. तो निघतो कधी, तर नळ ऋतुपर्णाकडून फाशांची विद्या शिकतो तेव्हा, ज्या खेळात हरला त्या खेळाचं आतलं गणित कळलं आणि कली बाहेर पडून बेहड्याच्या झाडात लपला. पण तरी पाय धुतले नाहीत म्हणून एवढी शिक्षा? आमच्याकडे कीर्तनात बुवा इथे दार उघडं ठेवू नका असं सांगून पुढे जातात आणि ऐकणारेही माना डोलावतात. मला तिथेच अडायला होतं.

कारण बळीचं काय करायचं मग? शुक्राचार्य त्याला सांगतात की हा बटू दिसतो तो नाही, देऊ नकोस. बळीला कळलंय, तरी तो शब्द मोडत नाही आणि तीन पावलं देतो. म्हणजे ओळखूनसुद्धा फसतो. आणि इथे फसवणारा कोण, तर साक्षात विष्णू! दिवाळी पाडव्याला इडा पिडा टळो आणि बळीचं राज्य येवो म्हणणारा शेतकरी कोणाच्या बाजूने आहे ते वेगळं सांगायला नको.

(दृश्य: मांगराजवळचं अंगण, तुळशी वृंदावन, उसाची कांडी, चिंचा-आवळे)

आता येते वृंदा, आणि माझ्या मते ह्या अख्ख्या वादात तिच्याइतकी अडचणीची साक्षीदार दुसरी नाही. जालंधर दैत्य हरत नाही कारण त्याच्या बायकोचं पातिव्रत्य अभंग आहे, म्हणून विष्णू जालंधराचंच रूप घेऊन तिच्याकडे जातो. तिची चूक काय? पाय धुतले होते, मोह नव्हता, गर्व नव्हता, समोर नवरा होता आणि तिने नवरा समजून विश्वास ठेवला. तिला कळतं तेव्हा ती गप्प बसत नाही, देवाला तोंडावर शाप देते. एका पुराणात शाप असा की तुझ्या बायकोलाही असंच कोणीतरी कपटाने पळवून नेईल, आणि तुळशीच्या नावाने जी दुसरी कथा आहे त्यात, तू दगड होशील, तो शाळिग्राम. पहिला शाप लक्षात घेतलात तर सुरुवातीला आलेला तो झोळीवाला साधू कुठून आला ते कळतं, एका कपटातून दुसरं कपट निघालंय.

भाविक लोक म्हणतात देवाने जगासाठी केलं, जालंधर मरणं गरजेचं होतं. ठीक आहे, पण पुराणकारांनी शाप काढून टाकला नाही हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. देवाने शाप घेतला, हेतू चांगला होता म्हणून माफी मिळाली नाही. आणि आपण दरवर्षी कार्तिकात त्याच दोघांचं लग्न लावतो, अक्षता टाकतो, पोहे-चुरमुरे वाटतो, खरंतर विचार केला तर जड आहे हे. माझं विचाराल तर शैतानाचा तो बचाव वृंदेपुढे टिकत नाही, तुम्ही आलात म्हणून तुमचा दोष हे तिला म्हणून दाखवा.

पण ह्याची दुसरी बाजू आहे आणि ती कोकणात राहणाऱ्याला चांगली माहिती आहे. फसलेल्याचा दोष नाही म्हटलं की माणूस लपलेला दोषी शोधायला लागतो. गाय आटली, पोर आजारी पडलं, नोकरी लागत नाही, म्हणजे कोणीतरी केलंय. मग भगताकडे, देवस्कीवाल्याकडे जायचं आणि तो बोट दाखवणार ते वाडीतल्या एखाद्या एकट्या बाईकडे किंवा जमिनीवरून भांडण असलेल्या भावकीकडे. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्यात काय काय गुन्हा आहे ते वाचा कधी, एखाद्याला करणी करणारा ठरवणं, मंत्राने गुरांचं दूध आटवतो असा संशय घेऊन त्रास देणं, एखाद्याला सैतान म्हणून जाहीर करणं. दूध आटवण्याचं कलम कायद्यात घालावं लागलं ह्यावरून समजा हे किती रोजचं होतं.

आणि आत्ताचा झोळीवाला तर मोबाईलवर येतो. अंगावर पोलिसाचा ड्रेस, मागे ऑफिसचा सेट, व्हिडिओ कॉलवर सांगतो तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, असलं काही कायद्यात नाहीच तरी रिटायर झालेले शिकलेले लोक आयुष्यभराची पुंजी पाठवून मोकळे होतात. भागवतात परीक्षिताला कली भेटतो तोसुद्धा राजाच्या वेषातच, हातात दंड घेऊन बैलाला मारणारा. फरक एवढाच की परीक्षित स्वतः राजा होता, त्याने ओळखलं. आपण गणवेषाला घाबरणारी माणसं. आणि पैसे गेल्यावर घरातलेच पहिल्यांदा काय विचारतात, तर एवढं कळलं नाही का तुम्हाला! म्हणून निम्मे लोक बोलतच नाहीत.

ह्या कॉलवाल्यांची पहिली अट पण हीच असते, कोणाला सांगायचं नाही, कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीचं दार लावून बसायचं. सायबर फसवणुकीसाठी सरकारी नंबर 1930 आहे, आणि पैसे गेल्यावर तिथे जितक्या लवकर फोन जाईल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त.