वायफाय बंद, खातं तयार

(लॅपटॉपचा कोपरा. वायफायच्या चिन्हावर काट.)

वायफाय बंद आहे. हे आधीच बघून ठेवा, कारण आता जे होणार आहे त्यात इंटरनेटचा काडीचाही हात नाही.

टर्मिनलमध्ये जावास्क्रिप्टची एक ओळ. वॉलेट, डॉट, क्रिएट रँडम. एंटर. झालं, इथेरियम या ब्लॉकचेनवरचं नवं खातं उघडलं.

फॉर्म नाही, फोटो नाही, केवायसी नाही. खुद्द इथेरियमलाही या खात्याची अजून खबर नाही, आणि त्यात पहिला व्यवहार होईपर्यंत लागणारही नाही.

हे करणारी लायब्ररी म्हणजे ईथर्स. रिचर्ड मूर या प्रोग्रामरनं लिहिलेली, एमआयटी परवान्याखाली सगळ्यांसाठी खुली. कोड उघडा, वाचा, हवा तसा बदला. तिच्याआधीची वेब३ ही लायब्ररी अजून पुष्कळ ट्युटोरियलमध्ये दिसते, पण तिची देखभाल मार्च २०२५मध्ये थांबली. नव्यानं शिकणाऱ्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

(बारा शब्द. आठांवर काळी पट्टी.)

हे बारा शब्द म्हणजे नव्या खात्याची किल्ली. ते आले कुठून? कॉम्प्युटरनं आधी १२८ बिटांची एक रँडम संख्या उचलली. तिच्या शेवटी तपासणीचे चार बिट जोडले, झाले १३२. त्यांचे अकरा-अकराचे बारा तुकडे पाडले. प्रत्येक तुकडा म्हणजे एका ठरलेल्या यादीतला क्रमांक, आणि त्या क्रमांकावर जो शब्द असेल तो आपला.

यादी आता पडद्यावर सरकतेय. २०४८ इंग्रजी शब्द, ‘अबँडन’पासून ‘झू’पर्यंत. यातल्या कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत, त्यामुळे घाईत खरडलेला कागदही पुढे वाचता येतो. अशाच याद्या जपानी, कोरियन, चेक, पोर्तुगीजमध्ये आहेत. मराठीच काय, एकाही भारतीय भाषेची अधिकृत यादी नाही. कुणीतरी मनावर घ्यायला हवं.

या बारा शब्दांवर हॅशचं, म्हणजे उलट न फिरवता येणारं, गणित २०४८ वेळा चालतं आणि ५१२ बिटांचं बीज मिळतं. त्या बीजातून खाती फुटतात. पडद्यावरचा मार्ग बघा: ४४, ६०, शून्य, शून्य, शून्य. यातला ६० हा ईथरचा, म्हणजे इथेरियमच्या चलनाचा, क्रमांक. शेवटच्या शून्याच्या जागी एक लिहिला की दुसरं खातं, दोन लिहिले की तिसरं. छोटासा लूप फिरवला आणि हे बघा, दहा पत्ते एकाखाली एक. जपायचा कागद एकच.

(एका पत्त्याचा क्लोजअप.)

पत्ता म्हणजे ‘शून्य एक्स’ आणि पुढे चाळीस चिन्हं. प्रत्येक खात्याची सही करणारी एक गुप्त प्रायव्हेट की असते. तिच्यापासून उघड पब्लिक की निघते, पब्लिक कीचा केचॅक हॅश काढतात आणि त्याचे शेवटचे वीस बाइट ठेवतात. उलट दिशेनं मात्र जाता येत नाही. पत्त्यात काही अक्षरं मोठ्या लिपीतली, काही लहान, ती शोभेसाठी नाहीत. २०१६मध्ये ठरलेली ती तपासणीची खूण आहे. इथं आम्ही एकच मोठं ‘डी’ लहान केलं. ईथर्सनं लाल अक्षरात एरर दिला आणि पत्ता घ्यायला नकार दिला.

(पर्सेंटचा आकडा सावकाश वर चढतो.)

आता की फाइलमध्ये ठेवायची, पण कुलूप लावून. पासवर्ड दिला, एन्क्रिप्ट म्हटलं, आणि इथं लॅपटॉप रेंगाळतो. हा संथपणा मुद्दाम आणलेला आहे. ‘एस-क्रिप्ट’ नावाच्या गणिताला एका पासवर्डसाठी १२८ मेगाबाइट मेमरी लागते. मालकाला ते एकदाच सोसायचं असतं. लाखो पासवर्ड चाचपून बघणाऱ्या चोराला मात्र दर वेळी तेवढीच मेमरी आणि तेवढाच वेळ मोजावा लागतो. तयार झालेली जेसॉन फाइल अशी दिसते. चार ओळीत प्रायव्हेट की उघड्यावर ठेवणाऱ्या ‘डॉट ईएनव्ही’ फाइलीपेक्षा कितीतरी बरी.

(वायफाय सुरू.)

आता जाळ्याशी बोलायचं. ईथर्समध्ये दोन पात्रं आहेत. प्रोव्हायडर फक्त वाचतो: शिल्लक किती, ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) कितवा. सायनर सही करतो. हे दोघं वेगळे ठेवलेत हीच या लायब्ररीची खरी देखणी गोष्ट, कारण नुसती शिल्लक बघायला की लागतच नाही.

आम्ही सेपोलिया या चाचणीच्या जाळ्यावर आहोत, इथल्या ईथरला बाजारात किंमत नाही. (पॉलिगॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या चाचणीच्या जाळ्याचं नाव तर चक्क ‘मुंबई’ होतं. २०२४मध्ये ते बंद झालं, आता ‘अमॉय’ आहे.) फॉसेटमधून, म्हणजे चाचणीचं ईथर फुकट देणाऱ्या साइटवरून, मिळालेल्या ईथरमधलं ०.०१ पाठवू. एक ईथर म्हणजे एकावर अठरा शून्यं इतके वेई, म्हणून ०.०१ म्हणजे एकावर सोळा शून्यं. जावास्क्रिप्टचा साधा नंबर एवढ्या मोठ्या पूर्णांकांवर भरवशाचा राहत नाही, त्यामुळे सहाव्या आवृत्तीपासून ईथर्स भाषेतला बिगइंट वापरते.

सही करताना साखळीचा, म्हणजे ब्लॉकचेनचा, क्रमांकही तिच्यात जातो, सेपोलियाचा १११५५१११. त्यामुळे इथली सही उचलून कुणी मुख्य जाळ्यावर चालवू शकत नाही. गॅस, म्हणजे व्यवहाराच्या कामाचं माप, २१,०००, साध्या हस्तांतरणाला लागतो तेवढाच. ब्लॉक दर बारा सेकंदांनी येतो. पेज रिफ्रेश... हिरवी खूण.

शब्द हरवले तर पैसे गेले, दुसऱ्यानं बघितले तरी गेले, आणि दाद मागायला कुठलीही शाखा नाही. डिसेंबर २०२४मध्ये सोलाना या आणखी एका ब्लॉकचेनच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या १.९५.६ आणि १.९५.७ या आवृत्त्यांत तर की चोरणारा कोडच घुसवला गेला होता, तेव्हा पॅकेजची आवृत्ती लॉक करून ठेवा.

(ब्राउझरमध्ये मेटामास्क या की सांभाळणाऱ्या एक्स्टेंशनची खिडकी.)

खऱ्या पैशांसाठी सायनर बदलायचा. तोच कोड, फक्त वॉलेटच्या जागी ब्राउझर प्रोव्हायडरकडून मिळालेला सायनर. पाठवण्याची ओळ होती तशीच राहते. सहीची विनंती मेटामास्ककडे जाते, खातेदार रक्कम आणि पत्ता वाचून होकार देतो, आणि आपल्या प्रोग्रामला की कधी दिसतही नाही.