तपेलीची कल्हई

श्रोतेहो, नमस्कार. परवा माळ्यावरून आजीची पितळी भातुकली खाली काढली. चूल, परात, झारा, सांडशी, पाण्याचा बंब आणि वाटीएवढी एक तपेली. आज या तपेलीचीच गोष्ट सांगायची आहे.

मी सातेक वर्षांची असेन. एरवी भातुकलीला चुरमुरे, दाणे, गूळ असा कोरडा शिधा मिळायचा. त्या दुपारी मोठी माणसं निजलेली बघून मी चिंचगुळाची उरलेली आमटी तपेलीत ओतली आणि बाहुलीच्या लग्नासाठी झाकून ठेवली. शिळी आमटी ताजीपेक्षा चवदार लागते, हे माझं मत तेव्हापासूनचं, आणि आजही मी त्यावर ठाम आहे. असो. संध्याकाळी पंगत मांडली, झाकण काढलं, तर आमटी कडेनं हिरवट! धाकट्या भावानं बोट बुडवून चाखली आणि थू थू करत पळाला.

आजी रागावली नाही. तपेली माझ्या नाकाशी धरून म्हणाली, "वास घे. याला कळकणं म्हणतात. आतली कल्हई, म्हणजे कथलाचा थर, गेलीय बघ."

पुढे कल्हईवाला आला, तेव्हा घरच्या पातेल्यांच्या रांगेत आजीनं माझी तपेलीही ठेवली. त्यानं भाता मारला, तपेली चिमट्यात धरून तापवली, नवसागर टाकला. पांढरा धूर उठला. कथलाची काडी नुसती टेकवली, कापसाचा बोळा गरकन फिरवला आणि तपेली पाण्यात, चर्रर्र! बाहेर आली ती आतून चांदीसारखी. मी ती रात्री उशाशी घेऊन झोपले.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटानं ते पदार्थात उतरतं. कथील २३२ अंशांनाच वितळतं, म्हणून निखाऱ्यावर त्याचा थर पटकन बसतो. तेव्हा पुन्हा सांगते: कल्हई नसेल तर पितळेत आंबट नको. ताक नको, चिंच नको, लिंबू नको.

भातुकलीच्या जात्यानं दाण्यांचा घास बेताचा घालायला शिकवलं, पोळपाटानं कणीक सैल झाली की काय होतं ते. पण ही भांडी काचेच्या कपाटात मांडलेली पाहिली की मला वाईट वाटतं. ती पोरांच्या हातातच हवीत.

माझ्या तपेलीच्या तळाशी आता पुन्हा पिवळं दिसू लागलंय. नातीला तिच्यात कढी करायचीय. कल्हईवाल्याचा शोध चालू आहे, तोवर तिला चुरमुरे दिलेत.